तेलबियांपासून यीस्टपर्यंत: एलआयटीची वाटचाल

धरमपेठेतून लॉ कॉलेज चौकात येऊन अमरावती रस्ता धरला, की रविनगर ओलांडल्यावर विद्यापीठाचा परिसर सुरू होतो आणि त्याच रस्त्यावर लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटचे आवार लागते. नागपूरकरांच्या तोंडी ते नेहमी ‘एलआयटी’. इथून शिकून गेलेले लोक देशभरच्या रिफायनऱ्यांत, रंगांच्या आणि साबणाच्या कारखान्यांत, कागद गिरण्यांत, खाद्यप्रक्रिया उद्योगांत आहेत. संस्थेचे अनेक पैलू सांगता येतील. मला तिची वाटचाल एकाच अंगाने मांडायची आहे, ती म्हणजे तेलाच्या. तेल कशातून काढायचे, ते कसे शुद्ध करायचे आणि त्याचे पुढे काय करायचे, हे या आवारात ऐंशीहून अधिक वर्षे शिकवले जात आहे. आता जगभरच्या प्रयोगशाळांत ओल्या कचऱ्यावर यीस्ट वाढवून त्यातून इंधनाचे तेल काढण्याचे काम चालले आहे. ते काम विदर्भात रुजायचे असेल, तर त्याची जागा हीच आहे असे मला वाटते.

संस्थेची सुरुवात एका मृत्युपत्रापासून होते. कामठीचे रायबहादूर डी. लक्ष्मीनारायण हे मँगनीजच्या खाणींचे मालक. त्यांनी १९३० साली सुमारे ३५ लाख रुपये नागपूर विद्यापीठासाठी ठेवले, आणि ते कशासाठी वापरायचे हेही सांगून ठेवले: उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी. विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ चे, म्हणजे तेव्हा उणेपुरे सात वर्षांचे. त्या काळी दानशूर माणूस देवळाला, धर्मशाळेला, फार तर शाळेला पैसा देई. खाणीच्या धंद्यात आयुष्य घालवलेल्या या माणसाने मात्र कच्चा माल खणून बाहेरदेशी पाठवण्यापलीकडचा विचार केला. मालावर प्रक्रिया करणारी माणसे इथेच तयार व्हावीत, हा त्या देणगीचा अर्थ. ‘उपयोजित’ ही अट त्यात असल्यामुळेच पुढे संस्थेला आपला रस्ता शोधावा लागला नाही.

संस्था उभी राहिली १९४२ मध्ये. ‘चले जाव’ चळवळीत चिमूर-आष्टी पेटले ते हेच वर्ष. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती, आणि या प्रांताच्या शेतात जवस, तीळ, करडई, भुईमूग आणि कापसाबरोबर येणारी सरकी हे सगळे होते. तेल गाळायचे ज्ञानही गावोगाव होते. नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर वर्ध्याला मगनवाडीत १९३४ पासून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम चालू होते. तिथे झवेरभाई पटेल यांनी पारंपरिक घाण्यात सुधारणा करून ‘वर्धा घाणी’ घडवली होती. बैलाचे श्रम कमी व्हावेत आणि तेलाचा उतारा वाढावा, एवढ्यासाठी त्यांनी घाण्याच्या रचनेचा बारकाईने अभ्यास केला. एलआयटीतली तेल तंत्रज्ञानाची शाखा आणि वर्ध्याची घाणी या दोन वेगळ्या वाटा असल्या, तरी प्रश्न एकच होता. बीमध्ये तेल आहे. ते पूर्ण बाहेर कसे येईल?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. घाण्यातून निघालेल्या पेंडीत दहा टक्क्यांच्या आसपास तेल राहून जाते. एक्स्पेलरच्या पेंडीत सहा ते आठ टक्के राहते. हेक्झेनसारख्या द्रावकाने धुऊन काढले, तर ते एक टक्क्याच्या आत येते; पण मग हेक्झेन पुरते परत मिळवण्याची आणि आग लागू न देण्याची जबाबदारी येते. शिवाय प्रत्येक बीचा स्वभाव वेगळा. सरकीच्या तेलात गॉसिपॉल नावाचा गडद रंगाचा, अपायकारक पदार्थ उतरतो. तो अल्कलीने धुऊन काढल्याखेरीज ते तेल खाण्यालायक होत नाही. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक लिनोलेनिक आम्ल असते. त्यामुळे ते हवेत सुकून घट्ट पापुद्रा धरते आणि रंग-वार्निशाला उपयोगी पडते. तेल आणि रंग या दोन्ही शाखा एलआयटीत शेजारी शेजारी का वाढल्या, याचे उत्तर विदर्भातल्या जवसाच्या शेतांतही आहे.

भाताच्या कोंड्याचे उदाहरण मला विशेष महत्त्वाचे वाटते, कारण पुढे यीस्टच्या गोष्टीत तेच पुन्हा भेटणार आहे. भंडारा-गोंदियाच्या गिरण्यांत तांदळाला पॉलिश करताना जो कोंडा निघतो, त्यात पंधरा ते वीस टक्के तेल असते. पण दाणा सोलला गेला, की कोंड्यातलेच लायपेज हे विकर त्या तेलावर तुटून पडते आणि काही तासांत तेल आंबट होऊ लागते. म्हणून कोंडा गिरणीतून निघाल्याबरोबर त्याला वाफ देऊन ते विकर मारावे लागते. ही गोष्ट कळेपर्यंत हे तेल साबणापलीकडे कशाच्या उपयोगाचे नव्हते. आज ते स्वयंपाकघरात पोचले आहे. तेल तंत्रज्ञानाची खरी कामगिरी अशी असते. जे टाकाऊ समजले जात होते, त्यातून खाण्याजोगे किंवा जाळण्याजोगे काढायचे, आणि तेही परवडेल अशा रीतीने.

स्थापनेनंतरच्या दशकांत एलआयटीच्या शाखा वाढत गेल्या. केमिकल इंजिनिअरिंग, अन्न तंत्रज्ञान, कागद, रंग, पॉलिमर, पेट्रोलियम आणि पेट्रोकेमिकल. तेल शाखेच्या नावात सरफॅक्टंट्स आले, म्हणजे साबण-डिटर्जंटमधली ती द्रव्ये, जी तेल आणि पाणी एकत्र आणतात. इमारती, अभ्यासक्रम, नेमणुका यांचा तपशील संस्थेच्या दप्तरात आहे आणि तो इथे उतरवत बसत नाही.

देशाच्या पातळीवर मात्र तेलाचे गणित बिघडत गेले. खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल आज भारत आयात करतो. पामतेल मलेशिया-इंडोनेशियातून, सूर्यफूल युक्रेन-रशियाकडून, सोयाबीन दक्षिण अमेरिकेतून. ज्या देशाला कढईतले तेल बाहेरून आणावे लागते, त्याने तेच तेल डिझेलमध्ये ओतणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. म्हणून अखाद्य तेलाचा शोध सुरू झाला आणि नियोजन आयोगाच्या समितीने २००३ मध्ये मोगली एरंडाकडे, म्हणजे जट्रोफाकडे बोट दाखवले. पडीक जमिनीवर, पाण्याशिवाय, खताशिवाय तेल मिळणार असे सांगितले गेले. २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिश्रणाचे स्वप्न होते. २००९ च्या धोरणाने ती मुदत २०१७ वर नेली. प्रत्यक्षात पडीक जमिनीवर झाड जगले, पण बी धरले नाही. बी हवे तर पाणी आणि खत द्यावेच लागले. ज्या शेतकऱ्यांनी बांधावर, माळावर ती रोपे लावली, त्यांच्या हाती फारसे काही आले नाही. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने डिझेलमधले उद्दिष्ट २०३० पर्यंत ५ टक्क्यांवर आणले आणि वापरलेले खाद्यतेल, कचरा, शेतातला काडीकचरा यांना कच्चा माल म्हणून पुढे केले. जट्रोफाच्या अनुभवातून एक गोष्ट पक्की झाली. इंधनाच्या तेलाने शेतीची जमीन, पाणी आणि शेतकऱ्याचा हंगाम यांवर हक्क सांगता कामा नये.

ही अट पाळणारी ‘तेलबी’ यीस्टच्या रूपाने केव्हाचीच माहीत होती. पहिल्या महायुद्धात नाकेबंदीमुळे जर्मनीत चरबीचा दुष्काळ पडला, तेव्हा पॉल लिंडनर यांनी एका यीस्टसारख्या बुरशीपासून चरबी काढण्याचा मार्ग दाखवला. साखरेच्या मळीवर, उथळ तबकांत ती वाढवत. युद्ध संपले, स्वस्त चरबी पुन्हा मिळू लागली आणि काम थांबले. दुसऱ्या महायुद्धात ते पुन्हा निघाले आणि पुन्हा मागे पडले. १९८० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये चीज करताना उरणाऱ्या पाण्यावर यीस्ट वाढवून कोको बटरला पर्याय काढून पाहिला गेला. इंग्लंडमध्ये हल विद्यापीठाच्या कॉलिन रॅटलेज यांनी कित्येक वर्षे घालवून, काही यीस्ट तेल का साठवतात आणि बाकीची का नाही, याचा उलगडा केला.

तो उलगडा समजून घेण्यासारखा आहे. पावात, दारूत, इथेनॉलच्या कारखान्यात जे यीस्ट असते, ते साखर खाऊन अल्कोहोल देते. २०१४ मध्ये नागपूरच्या रस्त्यावर इथेनॉलवर चालणारी बस धावली, तिच्या इंधनामागे हेच यीस्ट. तेल साठवणारी यीस्ट वेगळी. यारोविया लिपोलिटिका, रोडोस्पोरिडियम टोरुलॉइड्स, लायपोमायसिस स्टार्की ही त्यांतली गाजलेली नावे. ज्याच्या कोरड्या वजनात २० टक्क्यांहून अधिक तेल साठते, त्याला तेलधारी यीस्ट म्हणतात. अनुकूल स्थितीत हे प्रमाण निम्म्याच्या वर जाते. पेशीला कार्बन आणि नायट्रोजन दोन्ही मुबलक मिळाले, तर ती प्रथिने बनवते आणि विभागत राहते. नायट्रोजन संपला आणि साखर शिल्लक राहिली, की नवी पेशी बनवणे शक्य नसते. तेव्हा मायटोकॉन्ड्रियातले श्वसनाचे चक्र एका पायरीवर अडते, सायट्रिक आम्ल साचून बाहेर येते, एक विशिष्ट विकर त्याचे तुकडे करते आणि त्या तुकड्यांपासून मेदाम्ले तयार होतात. सुगीत शेतकरी कणगी भरून ठेवतो, तशी ही पेशी मग तेलाचे थेंब पोटात भरत जाते. सूक्ष्मदर्शकाखाली ते थेंब स्पष्ट दिसतात. साध्या यीस्टमध्ये ते विकर नसते, म्हणून उपासमारीतही ते लठ्ठ होत नाही.

या तेलात प्रामुख्याने ओलेइक, पाल्मिटिक, स्टिअरिक आणि लिनोलेइक ही आम्ले असतात. म्हणजे ते पामतेलाच्या जवळचे असते. बायोडिझेलला हे मिश्रण चांगले जमते. जवसासारखे तेल हवेत गोठून इंजिन खराब करील. हे तसे करत नाही. पीक यायला चार महिने लागत नाहीत, चार-पाच दिवस पुरतात. जमीन लागते ती टाकी मावेल एवढी.

महाराष्ट्रात या विषयावर जे काम झाले, त्याचा धागा नागपूरपर्यंत येतो, आणि तो इथल्या वाचकांना माहीत असायला हवा. अदिती पंत यांचा जन्म ५ जुलै १९४३ चा, नागपूरचा. समुद्रशास्त्रज्ञ म्हणून त्या १९८३ च्या डिसेंबरात निघालेल्या तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेत गेल्या. त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता या तिथे पोचलेल्या पहिल्या भारतीय महिला. पुढे त्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आल्या आणि समुद्रातल्या सूक्ष्मजीवांवर काम करू लागल्या. तिथे स्मिता झिंजर्डे यांच्याबरोबर त्यांनी मुंबईजवळच्या तेलाने दूषित समुद्राच्या पाण्यातून मिळालेल्या यारोविया लिपोलिटिका या यीस्टचा अभ्यास केला. तेलाने दूषित झालेल्या त्या पाण्यात हे यीस्ट ते तेलच खाऊन जगत होते. त्यासाठी ते स्वतः एक पायसकारी द्रव्य बनवते, तेलाचे बारीक थेंब करते आणि मग ते पचवते. प्रयोगशाळेच्या औद्योगिक सूक्ष्मजीव संग्रहात त्याला एनसीआयएम ३५८९ हा क्रमांक आहे. त्याच्यावरचे शोधनिबंध १९९७ पासून प्रसिद्ध होऊ लागले.

२०१२ मध्ये याच यीस्टचा दुसरा गुण पुढे आला. पुणे विद्यापीठाच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्स अँड बायोटेक्नॉलॉजीत अमीता रविकुमार आणि स्मिता झिंजर्डे यांच्या गटाने ते ग्लुकोजवर आणि वापरलेल्या खाद्यतेलावर वाढवले, त्याच्या पेशीत साठलेले तेल काढले आणि त्यापासून होणारे बायोडिझेल प्रमाणांत बसते का, हे तपासले. त्याच वर्षी पश्चिम किनाऱ्यावरच्या खारफुटीतल्या तेलधारी बुरशींवर त्यांचा आणखी एक निबंध आला; त्याच्या लेखकांत अदिती पंत होत्या. पुढे २०१८ च्या निबंधात त्यांनी तेल वेगळे काढण्याची पायरीच गाळून पाहिली. यीस्टच्या पेशींवर थेट मेथनॉल आणि उत्प्रेरकाची क्रिया केली आणि बायोडिझेल मिळवले. त्या निबंधाच्या लेखकांत बी. डी. कुलकर्णी यांचे नाव आहे. नागपूरला जन्मलेले, नागपूर विद्यापीठात केमिकल इंजिनिअरिंग शिकून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गेलेले आणि १९८८ चा भटनागर पुरस्कार मिळवणारे हे शास्त्रज्ञ. नागपूर विद्यापीठातले केमिकल इंजिनिअरिंग म्हणजे त्या काळात एलआयटीच. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीने उभ्या केलेल्या वर्गांतून निघालेला माणूस यीस्टच्या तेलापर्यंत असा पोचला होता.

या कामाकडे पाहताना एक मत मांडावेसे वाटते. वापरलेले खाद्यतेल यीस्टला खाऊ घालणे हा प्रयोगशाळेत महत्त्वाचा अभ्यास आहे, कारण त्यातून यीस्टची ताकद कळते, आणि फार बिघडलेले तेलही ते नव्याने घडवू शकते हे कळते. पण शहराच्या व्यवहारात चांगल्या स्थितीतल्या वापरलेल्या तेलाचे थेट बायोडिझेल करणेच स्वस्त पडते. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातल्या ध्रुवीय घटकांवर २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे; त्यापुढचे तेल कढईत परत जाता कामा नये. धरमपेठ, गोकुळपेठेतल्या फराळाच्या दुकानांतले असे तेल गोळा होऊन थेट इंधनाकडे जावे. यीस्टला द्यावे ते, ज्यात तेल नाहीच. भाजीचे देठ, फळांच्या साली, उरलेला भात, पेज, मळी, पनीरचे पाणी.

आणि असा माल नागपुरात किती आहे, हे नागपूरच्याच दुसऱ्या संस्थेने मोजून ठेवले आहे. १९५८ मध्ये केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणून स्थापन झालेली आणि १९७४ पासून नीरी या नावाने ओळखली जाणारी ती संस्था. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी तिने २००४-०५ मध्ये देशातल्या ५९ शहरांच्या कचऱ्याची पाहणी केली. तेव्हा नागपूरचा रोजचा कचरा सुमारे ५०० टन भरला, आणि त्यातला जवळजवळ निम्मा कुजणारा होता. त्यानंतर शहर वाढले आहे. हा माल आजही भांडेवाडीच्या कचरा डेपोत जाऊन पडतो, उन्हाळ्यात पेटतो आणि पूर्व नागपूरच्या वस्त्यांना त्याचा धूर सोसावा लागतो. पश्चिमेकडच्या नीटनेटक्या वस्तीतला ओला कचरा पूर्वेकडच्या माणसांच्या श्वासात जातो. ही गोष्ट धरमपेठेने मनावर घ्यायला हवी, असे मला कळकळीने वाटते.

कचरा यीस्टच्या तोंडी देण्याचा सर्वांत व्यवहार्य मार्ग गोबरगॅसच्या ओळखीचा आहे. हवाबंद टाकीत ओला कचरा कुजू दिला, की आधी त्याची अॅसिटिक, प्रोपिओनिक, ब्युटिरिक अशी लहान आम्ले होतात आणि मग मिथेनवाले सूक्ष्मजीव त्यांचा वायू करतात. ही शेवटची पायरी थांबवली, तर टाकीत आम्लांचे पाणी उरते. ते गाळून तेलधारी यीस्टला दिले, तर ते त्यावर वाढते आणि तेल साठवते. भाजी, भात, पोळी, केळीचे साल हे निरनिराळे पदार्थ वेगवेगळे हाताळावे लागत नाहीत. सगळ्यांची शेवटी तीच आम्ले होतात. नागपूरच्या एका मालाला मात्र वेगळी वागणूक लागते. संत्र्याच्या सालीत लिमोनीन असते आणि ते यीस्टची वाढ रोखते. साल आधी वाफेवर धरून तो अर्क काढून घ्यावा लागतो. तो अर्क स्वतः सुगंधी द्रव्य म्हणून विकला जातो, म्हणून हे काम तोट्याचे नाही. कळमेश्वर-काटोलच्या संत्रापट्ट्यात प्रक्रिया उद्योग वाढतील, तसा हा माल वाढेल. पऱ्हाटी आणि तणसही आहेत, पण त्यांतली साखर लिग्निनमध्ये जखडलेली असते. ती सोडवायला आम्ल, उष्णता आणि विकरे लागतात, आणि त्या खटाटोपात यीस्टला अपायकारक द्रव्येही तयार होतात. सुरुवात तिथून करू नये.

आता हिशेब. साखरेपासून तेल होण्याची सैद्धांतिक मर्यादा तीन किलोला एक किलो. प्रत्यक्षात पाच किलो साखरेमागे एक किलो तेल मिळाले तरी काम उत्तम झाले म्हणतात. एक टन ओल्या कचऱ्यात पाणीच ७०० ते ७५० किलो असते. उरलेल्यातून यीस्टला पचेल असे १०० किलो मिळाले असे धरू. त्यातून फार तर २० किलो तेल. पाहणीच्या वेळचा अडीचशे टन कुजणारा कचरा पूर्ण वापरला, तरी रोज पाच टन तेल. शहराच्या डिझेलच्या खपापुढे हे थोडे आहे. पण हे पाच टन तेल शेतातून येत नाही, जहाजातून येत नाही आणि भांडेवाडीवरचा भार कमी करून येते. शिवाय त्याच्याबरोबर पेशींचा चोथा उरतो, तो प्रथिनांनी भरलेला असतो.

अडचणी खऱ्या आहेत. या यीस्टला भरपूर प्राणवायू लागतो. टाकीत हवा दाबून सोडायला आणि ढवळायला वीज जाते, आणि खर्चाचा मोठा वाटा तिथेच असतो. पाण्यात विरळ तरंगणाऱ्या पेशी वेगळ्या करणे आणि सुकवणे महाग पडते. पेशीची भिंत चिवट असते, ती फोडल्याशिवाय तेल सुटत नाही. आणि पेशी काढून नुसत्या ठेवल्या, तर त्यांतलेच लायपेज तेल आंबवते. भाताच्या कोंड्याची गोष्ट इथे पुन्हा समोर येते, तीच वाफ, तीच घाई. तेल आंबले, की त्यातली मुक्त आम्ले बायोडिझेल करताना उत्प्रेरकाशी जुळून साबण बनवतात आणि माल बिघडतो. हे सगळे प्रश्न सूक्ष्मजीवशास्त्राचे कमी आणि तेल तंत्रज्ञानाचे जास्त आहेत. यीस्ट कोणते घ्यावे हे जगाला बऱ्यापैकी कळले आहे. अडले आहे ते टाकीत हवा सोडताना, पेशी गाळताना, सुकवताना, फोडताना आणि तेल शुद्ध करताना. या प्रत्येक कामाचा धडा एलआयटीच्या कुठल्या ना कुठल्या शाखेत गिरवला जातो. बायोडिझेलमधून निघणारे अशुद्ध ग्लिसरॉल हेही यीस्टचे खाद्य आहे, आणि यारोविया बनवते ते पायसकारी द्रव्य थेट सरफॅक्टंटच्या वर्गातला विषय आहे. नुसत्या इंधनावर हा धंदा आज तग धरणार नाही. तेलाबरोबर अर्क, चोथा आणि पायसकारी द्रव्य विकले गेले, तरच पाय टेकतील. युद्ध संपताच जर्मनांचे काम थांबले, कारण त्यांच्याकडे स्वस्त तेल परत आले. आपल्याकडे ते तसे येणार नाही.

मागणी तर दारात येऊन उभी आहे. वनस्पती तेल आणि चरबी यांच्यावर हायड्रोजनची क्रिया करून केलेले विमान इंधन २०११ पासून आंतरराष्ट्रीय मानकांत मान्य आहे. केंद्राने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी अशा इंधनाचे सूचक उद्दिष्ट २०२७ मध्ये १ टक्का आणि २०२८ मध्ये २ टक्के ठेवले आहे. बॅटरीवर मोटार चालेल, लांब पल्ल्याचे विमान लवकर चालणार नाही. त्याला द्रव तेलच लागणार.

२०२३ मध्ये एलआयटीची ओळख बदलली. नागपूर विद्यापीठाच्या छत्राखालची संस्था राज्याचे स्वतंत्र विद्यापीठ झाली. लक्ष्मीनारायण अभिनव तंत्रज्ञान विद्यापीठ हे तिचे नाव. आपला अभ्यासक्रम आपण ठरवायचा, संशोधनाची दिशा आपण ठरवायची, हे स्वातंत्र्य आता तिच्याकडे आहे. या शहराला टाकाऊ मालाचे मोल करण्याची सवय आहे. भांडेवाडीच्या प्रक्रिया केंद्रातले मलजल शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्राला जाते, आणि तेवढे पिण्याजोगे पाणी वाचते. त्या पाण्याचा करार झाला तेव्हाही शंका घेणारे होते.

म्हणून दोन मागण्या. पहिली या नव्या विद्यापीठाकडे. नीरीला आणि पुण्याच्या गटाला बरोबर घेऊन, धरमपेठ-गोकुळपेठेतल्या भाजीबाजाराच्या ओल्या कचऱ्यावर चालणारा एक लहान प्रायोगिक संच या आवारात उभा करावा. काही हजार लिटरची टाकी, रोजचा एक टन कचरा आणि खर्चाचा जमाखर्च उघडा ठेवणे एवढे पुरेसे आहे. तो तोट्यात गेला, तरी नेमका कुठे गेला हे सगळ्यांना कळेल. दुसरी मागणी धरमपेठेत राहणाऱ्या आपल्या सर्वांकडे. ओल्या कचऱ्यात प्लास्टिकची पिशवी, दाढीचे पाते, औषधाची पट्टी गेली, की तो यीस्टच्या काय, खताच्याही कामाचा राहत नाही. टाकी उभी राहील तेव्हा राहील. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवून गाडीत देणे आज सकाळपासून करता येते, ते करा.